पुन्हा रुजू होताना

डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांची नुसती धावपळ असते. बिल भरायचं, फाइल घ्यायची, गोळ्यांच्या वेळा नर्सकडून समजून घ्यायच्या, खाली रिक्षा थांबवायची. या गडबडीत पेशंट एकच प्रश्न विचारतो, तोही डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळता वळता: 'साहेब, कामावर कधी जाऊ?' उत्तरही ठरलेलं. 'महिनाभर आराम करा, मग दाखवायला या, बघू.' महिन्याने इको होतो, बीपी बघितलं जातं आणि कागदावर एक ओळ उमटते, 'कामावर रुजू होण्यास पात्र'. बँकेतल्या कॅशियरला जी ओळ मिळते तीच मार्केट यार्डातल्या हमालाला. दोघांच्या हृदयाचं दुखणं कदाचित एकसारखं असेल, पण एक दिवसभर नोटा मोजतो आणि दुसरा पोती वाहतो, हे बहुतेक वेळा कुणी विचारलेलंही नसतं.

कामावर कधी जायचं हे तीन गोष्टींवर ठरतं. हृदयाचं नुकसान किती झालं, उपचार कोणता केला, आणि माणूस दिवसभर नेमकं काय करतो. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरांना ठाऊक असतात. तिसरी फक्त पेशंटला ठाऊक असते, आणि ती त्याने सांगितली नाही तर सल्ला अंदाजपंचेच मिळणार.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त निकडीचा आहे. इंटरहार्ट या 52 देशांत झालेल्या मोठ्या पाहणीत असं दिसलं की दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका साधारण 53व्या वर्षी येतो, इतर देशांत 59च्या आसपास. 53 म्हणजे घराचे हप्ते चालू, मुलांची शिक्षणं अर्धवट, आणि राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर निवृत्तीला अजून पाच वर्षं.

'आराम करा' या सल्ल्याला एक इतिहास आहे. 1939 साली अमेरिकेत मॅलरी, व्हाइट आणि साल्सेडो-साल्गार या तिघांनी झटक्याने दगावलेल्या लोकांची हृदयं तपासून स्नायूची जखम भरायला किती दिवस लागतात याचा हिशेब मांडला. लहान जखमेला पाचेक आठवडे, मोठीला दोन महिन्यांच्या आसपास. त्यावरून सहा आठवडे अंथरुणावर पडून राहायची पद्धत पक्की झाली. पडून राहिलेल्यांच्या पायांत गुठळ्या व्हायच्या, त्या फुप्फुसात जायच्या, आणि माणूस हृदयाने वाचून आरामाने जायचा. 1952 मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी पेशंटला लवकर उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. तीन वर्षांनी, 24 सप्टेंबर 1955 ला, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये झटका आला. त्यांना तपासायला गेले ते पॉल डडली व्हाइट, 1939च्या त्याच अभ्यासातले. राष्ट्राध्यक्ष पुन्हा काम करू शकतील, असं व्हाइट यांनी पत्रकारांपुढे उघडपणे सांगितलं. आयझेनहॉवर जवळपास सात आठवडे रुग्णालयात राहिले, परत कामाला लागले आणि 1956ची निवडणूक जिंकले. झटका आला म्हणजे नोकरी संपली, या समजुतीला या एका पेशंटने जेवढा धक्का दिला तेवढा क्वचितच कुठल्या शोधनिबंधाने दिला असेल.

आता नुकसानाचं बघू. झटक्यात स्नायूचा जो भाग मरतो तिथे व्रण तयार होतो आणि तो घट्ट व्हायला सहा ते आठ आठवडे जातात. व्रण आकुंचन पावत नाही, म्हणून उरलेल्या स्नायूला जास्त काम पडतं. याचं माप म्हणजे इकोच्या रिपोर्टातलं 'पंपिंग'. डाव्या कप्प्यात जमलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर पडतं, तो हा आकडा. रिपोर्ट हातात आला की घरोघरी एक गैरसमज होतो. पंपिंग 60 टक्के म्हणजे हृदय 40 टक्के बंद पडलं, असं लोक धरून चालतात आणि रडारड सुरू होते. निरोगी माणसाचं पंपिंगही 55 ते 70 टक्केच असतं. ते 40च्या खाली गेलं तर काळजी करायची. तीसुद्धा झटक्यानंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांतल्या इकोवरून करायची घाई नको, कारण त्या वेळी जिवंत असलेला पण सुन्न पडलेला स्नायूही काम करत नसतो. तो पुढच्या काही आठवड्यांत जागा होतो. रुग्णालयातल्या पहिल्या इकोवरून नोकरी सोडायचा निर्णय घेऊ नये. सहा आठवड्यांनी, आणि पंपिंग कमी असेल तर तीन महिन्यांनी, पुन्हा बघावं.

उपचारांत अँजिओप्लास्टीचं गणित सोपं आहे. मनगटातून किंवा जांघेतून नळी घालतात, अडथळ्याच्या जागी फुगा फुगवून स्टेंट बसवतात. झटका न येता ठरवून अँजिओप्लास्टी झाली असेल तर जखम म्हणजे मनगटावरचं एक भोक. आठवडाभर त्या हाताने जड उचलायचं नाही, एवढंच पथ्य, आणि बैठं काम असेल तर माणूस आठवड्याभरात कामावर जाऊ शकतो. झटका येऊन अँजिओप्लास्टी झाली असेल तर स्टेंट तोच, पण वाट बघायची ती स्नायूची. बैठ्या कामाला दोन ते चार आठवडे, अंगमेहनतीला त्याहून जास्त. 'वजन उचललं तर स्टेंट सरकेल का?' हा प्रश्न कायम येतो. सरकत नाही. तो फुग्याच्या मोठ्या दाबाने शिरेच्या भिंतीत रुतवलेला असतो आणि काही आठवड्यांत त्याच्यावर शिरेचं स्वतःचं अस्तर चढायला लागतं.

बायपासमध्ये हृदयापेक्षा हाडाला जपावं लागतं. छातीच्या मधलं हाड, म्हणजे उरोस्थी, वरपासून खालपर्यंत करवतीने उभं कापतात आणि शस्त्रक्रिया झाल्यावर स्टीलच्या तारांनी बांधतात. या तारा जन्मभर आत राहतात. हाड बाहेरून जुळल्यासारखं वाटतं, पण नव्या ओतलेल्या स्लॅबवर जसं टेकू काढेपर्यंत वजन टाकत नाहीत तसं इथेही आहे. सहा ते आठ आठवडे दोन-चार किलोंहून जास्त उचलायचं नाही, पूर्ण बळ यायला तीन महिने धरायचे. वजनाचं पथ्य लोक पाळतात. ओढणं आणि ढकलणं मात्र लक्षात राहत नाही. दुकानाचं शटर वर करणं, जड दार ढकलणं, बसच्या दांडीला लोंबकळणं, बाइक स्टँडवर घेणं, पलंगावरून हातांवर जोर देऊन उठणं, या सगळ्यात छातीचे दोन्ही अर्धे एकमेकांपासून ओढले जातात. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत आणि मग बसावं. खोकताना किंवा शिंकताना उशी छातीशी घट्ट धरावी. हालचाल करताना हाडात टक् असा आवाज येत असेल, जखमेतून पू येत असेल किंवा ताप असेल तर कामाचं सोडा, आधी सर्जनला गाठा.

आणखी एक त्रास आधी कुणी सांगत नाही. बायपाससाठी पायातली लांब शीर काढलेली असते. तो पाय पुढे काही महिने सुजतो. दिवसभर उभं राहणाऱ्या शिक्षकाला, केशकर्तनालय चालवणाऱ्याला किंवा एसटीच्या कंडक्टरला छातीपेक्षा हा पाय जास्त सतावतो. मधूनमधून बसायला मिळणं आणि बसल्यावर पाय वर ठेवायला स्टूल असणं ही चैन समजू नये.

नुकसान आणि उपचार कळल्यावर प्रश्न येतो ताकदीचा. ती मोजता येते. शांत बसलेल्या माणसाला दर मिनिटाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण साडेतीन मिलिलिटर प्राणवायू लागतो. याला एक मेट म्हणतात. संगणकासमोरचं काम दीड मेटचं. सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी चालणं साडेतीनच्या आसपास. हाताने कपडे धुणं चार. फावड्याने माती उचलणं पाच ते आठ. डोक्यावर ओझं घेऊन जिना चढणं आठच्या पुढे. क्लीव्हलँडचे हर्मन हेलरस्टाइन 1950च्या दशकात कारखान्यांत जाऊन, काम करत असलेल्या कामगारांवरच हा खर्च मोजत होते. त्यातून असं दिसलं की बऱ्याच कामांना हृदयावर जेवढा भार पडतो असं डॉक्टर समजत होते, प्रत्यक्षात त्याहून कमी पडत होता.

आता पेशंटची ताकद. ट्रेडमिलवरच्या स्ट्रेस टेस्टला, म्हणजे टीएमटीला, आपल्याकडे लोक पास-नापासाची परीक्षा समजतात. ब्लॉकेज आहे की नाही, तेवढंच बघायचं. खरं तर त्या रिपोर्टात कामाच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी आकडा बहुतेक वेळा न वाचताच राहतो, तो म्हणजे मेट. रॉबर्ट ब्रूस यांनी सिएटलमध्ये बसवलेल्या पद्धतीत पट्ट्याचा वेग आणि चढ दर तीन मिनिटांनी वाढतो. पहिला टप्पा पुरा केला तर साधारण साडेचार मेट, दुसरा केला तर सात, तिसरा म्हणजे नऊ मिनिटं पुरी केली तर दहा. समजा एखादा माणूस छातीत न दुखता, ईसीजी न बिघडता सात मेटपर्यंत गेला. ही त्याची कमाल. आठ तासांच्या कामाची सरासरी या कमालीच्या 40 टक्क्यांपर्यंत ठेवावी, असा ढोबळ नियम आहे. सातचे 40 टक्के म्हणजे 2.8. म्हणजे ऑफिस, दुकान, शिकवणं, शिवणकाम, हलकी जोडणी ही कामं त्याने निर्धास्त करावीत. मध्येच पाचेक मेटचा जिना आला तरी चालेल, कारण तो मिनिटभराचा असतो. दिवसभर फावडं चालवणं मात्र या माणसाला आज झेपणार नाही. 'आज' म्हणायचं कारण असं की रोज चालण्याचा व्यायाम वाढवत नेला तर दोन-तीन महिन्यांत कमाल वाढते, आणि कमाल वाढली की 40 टक्केही वाढतात. कार्डिॲक रिहॅबिलिटेशन म्हणतात ते मुख्यतः हेच, देखरेखीखाली दिलेला व्यायाम. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत ते मिळतं. बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारून रोज सपाटीवर चालावं आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत अर्ध्या-पाऊण तासापर्यंत जावं. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, इतपत वेग.

मेटचा हिशेब मला फार आवडतो, पण तो पुरत नाही. ट्रेडमिल फक्त पायांची ताकद मोजते. तेवढंच काम हातांनी केलं, विशेषतः हात खांद्याच्या वर धरून केलं, तर नाडी आणि रक्तदाब दोन्ही जास्त चढतात. छताला रंग देणारा किंवा पंखे बसवणारा आणि तेवढ्याच मेटचं काम पायांनी करणारा, हे दोघं कागदावर शेजारी दिसले तरी हृदयाला तसे वाटत नाहीत. जड वस्तू उचलून धरून ठेवण्यात तर चालण्यापेक्षाही जास्त धोका. स्नायू आवळलेले, श्वास रोखलेला, रक्तदाब एकदम उसळतो. मोकळ्या श्वासाने चार फेऱ्यांत नेलेलं सामान एका दमात नेलेल्या सामानापेक्षा हृदयाला परवडतं. उन्हाचं तसंच. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये तेच काम करायला नाडी मिनिटाला बरेच ठोके जास्त घेते, कारण अंग थंड ठेवायला कातडीकडेही रक्त पाठवायचं असतं.

त्यात मुंबईकराचा दिवस ऑफिसात सुरू होत नाही. खुर्चीवरचं काम दीड मेटचं, पण त्या खुर्चीपर्यंत जायला डोंबिवलीचा पूल, फलाटावरची धावपळ, दादरला बदली आणि डब्यातली रेटारेटी. भराभर जिना चढणं आठ मेटच्या घरात जातं, आणि बायपासवाल्याच्या छातीवर गर्दीचा एक कोपर बसला तर महिनाभराची सगळी काळजी वाया. माझ्या मते मुंबईतल्या पेशंटच्या सर्टिफिकेटवर पदाआधी स्टेशनचं नाव लिहावं. ऑफिसला हलकं काम मागण्यापेक्षा वेळ बदलून मागणं बऱ्याचदा जास्त उपयोगाचं असतं. अकरा ते चार आलात तर पाच तास काम होतं आणि दोन्ही वेळची गर्दी टळते. दुचाकी बायपासनंतर सहा ते आठ आठवडे नको. हँडलला लागणारा जोर आणि खड्डे ही कारणं आहेतच, शिवाय पडलं तर मार नेमका त्याच हाडावर येतो.

घरकाम करणाऱ्या बाईला तर कुणी सर्टिफिकेटच देत नाही. ती 'घरीच असते', म्हणून घरी पोचल्याच्या चौथ्या दिवशी ती रुजू झालेली असते. तिच्या कामाकडे एकदा हाडाच्या नजरेने बघा. भाकरीचं पीठ तळहाताच्या टाचेने रगडताना सगळा जोर खांद्यातून छातीवर येतो. भिजलेली चादर पिळताना दोन हात उलट दिशांना ओढतात. भरलेला हंडा पंधरा किलोंच्या वर जातो. पाच लिटरचा भरलेला कुकर दोन हातांनी ओट्यावरून उतरवायचा, गादी उचलून झटकायची, नातवाला कडेवर घ्यायचं. बायपासनंतरच्या पथ्यात यांतलं एकही बसत नाही. भाजी निवडणं, फोडणी देणं, वरणभात लावणं, घडी घालणं ही कामं पहिल्या पंधरवड्यानंतर हळूहळू सुरू करायला हरकत नसते. भाकरी, धुणं, पाणी आणि लादी पुसणं तीन महिने दुसऱ्याकडे. हे घरातल्या पुरुषांसमोर आणि सुनेसमोर डॉक्टरांनी स्वतः बोलून दाखवलं तर होतं. तिच्या तोंडून ते 'नखरे' ठरतात.

शेतकऱ्याला 'हलकं काम करा' सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. शेतातली कामं सुटी सुटी करून बघावी लागतात. खुरपणी बसून होते, पण तासन्‌तास वाकून. फवारणीचा सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोंच्या जवळ जातो आणि त्याचे पट्टे थेट छातीच्या दोन्ही बाजूंनी येतात, म्हणून तीन महिने दुसऱ्याला द्यावा. दारं धरणं, म्हणजे पिकाला पाणी देणं, तसं मेटमध्ये हलकं, पण शेतीची वीज रात्रपाळीची असली तर थंडीत, चिखलात, अंधारात एकट्याने जायचं. गार वाऱ्याने शिरा आकसतात, छातीत दुखलं तर हाक ऐकायला कुणी नाही. ताकद पुरत असूनही हे काम निदान पहिले काही महिने एकट्याने करू नये. ट्रॅक्टर चालवण्यात श्रम कमी, हादरे फार.

दुसऱ्यांचा जीव ज्यांच्या हातात असतो त्यांना नियम कडक असतात आणि ते बरोबरच आहे. ब्रिटनमध्ये बस-ट्रकच्या चालकाला अँजिओप्लास्टीनंतर निदान सहा आठवडे आणि बायपासनंतर तीन महिने गाडी बंद. मग ब्रूस पद्धतीने नऊ मिनिटांची चाचणी त्रास न होता पुरी करावी लागते आणि पंपिंग 40 टक्क्यांहून कमी चालत नाही. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, पण इतका तपशील कुणी बघत नाही. एसटीच्या, शाळेच्या बसच्या किंवा टँकरच्या चालकाने हीच मोजपट्टी स्वतःहून लावून घ्यावी. काही आजारांची आणि उपचारांची पथ्यंही वेगळी असतात. पेसमेकर बसवलेल्याने त्या बाजूचा हात चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर नेऊ नये, आणि वेल्डिंगचं काम असेल तर यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा हातात घेऊ नये. महाधमनी फुगून किंवा चिरून शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र जड उचलणं कायमचंच सोडायचं असतं, पंपिंग कितीही उत्तम असो. तिथे धोका रक्तदाबाच्या उसळीचा आहे. पायाच्या शिरा आकसलेल्यांचं उलटं. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं ओसरलं की पुन्हा चालायचं. यानेच चालण्याचं अंतर वाढतं. त्यांना बसून राहायचं काम देणं म्हणजे उपकार नव्हे. विडी-सिगारेट मात्र या सगळ्यांनी बंद करायची, त्यात कुणाला सवलत नाही.

गोळ्या आणि कामाच्या वेळा यांचा मेळ घालावा लागतो. स्टेंटनंतर ॲस्पिरिनच्या जोडीला रक्ताची गुठळी होऊ न देणारी दुसरी गोळी असते, ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत साधारण सहा महिने आणि झटक्यानंतर बहुधा वर्षभर. ती मध्येच बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. दाढ काढायची म्हणून दातांच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितली तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. या गोळ्यांपैकी एक दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि रात्रपाळीत नेमका तिचाच एक डोस चुकतो. सुतार, खाटीक, पत्रा कापणारा कामगार यांना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, त्यांनी हातमोजे आणि प्रथमोपचाराची पेटी जवळ ठेवावी. नाडी कमी ठेवणाऱ्या गोळीने पहिले काही आठवडे गळल्यासारखं वाटतं. पुष्कळ जण तो थकवा हृदयाचा समजून घाबरतात. लघवीची गोळी सकाळी सहाला घेतली की आठ-नऊपर्यंत धाव सुरू असते. कंडक्टरला आणि रस्त्यावरच्या पोलिसाला हे किती अवघड जातं ते त्यांनाच ठाऊक. डॉक्टरांना सांगितलं तर वेळ बदलून मिळते, पण सांगायला माणसं लाजतात आणि गोळीच सोडून देतात.

मनाचं पारडंही जड असतं. झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एकाला ठळक नैराश्य येतं. झोप उडते, रडू येतं, कामाचं नाव नको वाटतं, आणि घरचे त्याला 'अशक्तपणा' म्हणतात. परत कामावर कोण जातं हे पंपिंगवर जेवढं ठरतं तेवढंच, कधी जास्तच, माणसाला स्वतःला आपण जाऊ असं वाटतं की नाही यावर ठरतं. भेटायला येणारे 'आता जपा हं, आमच्या साडूंचं असंच झालं होतं' असं सांगून चहा पिऊन जातात आणि त्या रात्री पेशंट छातीवर हात ठेवून जागा राहतो. हा उपद्रव कमी करता आला तर करावा. महिन्याहून जास्त दिवस उदास वाटलं तर डॉक्टरांना सांगावं, त्यावर औषध आहे.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाचं फिटनेस सर्टिफिकेट, आणि तेच सगळ्यात आळशीपणाने लिहिलं जातं. ब्रिटनने एप्रिल 2010 मध्ये आजारपणाचा जुना दाखला बदलला. त्याऐवजी आलेल्या दाखल्यावर डॉक्टर टप्प्याटप्प्याने रुजू होणं, बदललेले तास, बदललेलं काम आणि कामाच्या जागेतली सोय, या चारांपैकी काय हवं त्यावर खूण करतात. आपल्याकडे असा छापील नमुना नाही, पण डॉक्टरांना हेच चार मुद्दे लिहायला सांगण्यापासून कुणी अडवलेलं नाही. 'लाइट ड्यूटी' या दोन शब्दांतून सुपरवायझरला काही कळत नाही. 'अमुक तारखेपर्यंत पाच किलोंहून जास्त वजन नाही, रात्रपाळी नाही, पहिले दोन आठवडे रोज चार तास, सहा आठवड्यांनी फेरतपासणी' हे कळतं. डॉक्टरांकडे जाताना आपल्या दिवसाचं अर्ध्या पानाचं टिपण न्यावं. कसं जातो, किती मजले, किती वजन, किती वेळ उभं, पाळी कोणती.

रजेचं गणित बहुतेकांना आधीच करून ठेवायला हवं. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला अर्जित, अर्धवेतनी आणि ती बदलून मिळणारी परिवर्तित रजा असते, आणि वैद्यकीय दाखल्यावर रजा घेतली असेल तर फिटनेसचा दाखला दिल्याशिवाय रुजू करून घेत नाहीत. दुकानं आणि खासगी ऑफिसांसाठीच्या राज्याच्या 2017च्या कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आहेत आणि भरपगारी रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते. दोन्ही मिळून बायपासचे तीन महिने भरत नाहीत. कामगार विमा योजनेत नाव असलेल्याला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं, आणि ठरावीक दीर्घ आजारांच्या यादीत बसलं तर पुढे 80 टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंतही. यादीत हृदयाचे काही आजार आहेत, म्हणून पंपिंगचा आकडा आणि नेमकं निदान दाखल्यावर स्पष्ट लिहून घ्यावं. अपंगांच्या हक्कांच्या 2016च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत मात्र हृदयविकार नाही, त्यामुळे त्या कायद्याचं नोकरीचं संरक्षण यांना मिळत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी-बायपासचा खर्च निघतो. बुडालेल्या मजुरीचे पैसे निघत नाहीत.

रुजू झाल्यावरचा पहिला आठवडा शक्यतो मधल्या वारापासून धरावा, बुधवारी किंवा गुरुवारी, म्हणजे लगेच सुट्टी येते. शेजारच्या एका सहकाऱ्याला तरी आजार ठाऊक असावा, आणि जिभेखालची गोळी ड्रॉवरमध्ये नव्हे, खिशात असावी. छातीत भरून आलं, जबडा किंवा डावा हात दुखला तर काम थांबवून बसायचं, गोळी ठेवायची, आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर 108. कपडे सैल करावेत, मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नये. सकाळी उठल्यावर रोज वजन बघावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं आणि पाय सुजले तर ते अंगात साठलेलं पाणी आहे. त्या दिवशी कामाआधी डॉक्टर. संध्याकाळचा थकवा रात्रीच्या झोपेने गेला तर कामाचे तास पुढच्या आठवड्यात वाढवावेत. सकाळीही तो अंगात राहिला तर आहे तिथेच थांबावं.

काही जण मात्र जुन्या कामावर परत जाऊ शकत नाहीत, आणि त्यांना ते लवकर सांगणं बरं. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. तोडणीपेक्षाही मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं हृदयाला जड, आणि पंपिंग 35 टक्के असलेल्या माणसाची कमाल तिथवर सहसा जात नाही. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बांधणं त्याला जमेल, पण मुकादमाच्या वहीत त्याला अर्ध्या कोयत्याचाही भाव मिळत नाही. हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि उचल त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यात घेतली जाते. एकदा घेतली की अंगावर घेऊनच कारखान्यावर जावं लागतं. म्हणून अशा माणसाची स्ट्रेस टेस्ट आणि इको उचल घेण्याआधी, जून-जुलैमध्येच व्हायला हवेत.